ओपिऑइडच्या व्यसनात मेंदूतील रिसेप्टरचे नियमन कसे बदलते: हा विषय क्रमाने कसा समजून घ्यावा

अफूतून मिळणारे मॉर्फिन आणि कोडीन, मॉर्फिनपासून तयार होणारे हेरॉइन आणि प्रयोगशाळेत घडवलेली फेंटॅनिल व मेथाडोन ही द्रव्ये, या सर्वांना मिळून ओपिऑइड म्हणतात. त्यांच्या व्यसनाविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: सतत घेतल्यामुळे मेंदूतील रिसेप्टर कमी होतात, म्हणून डोस वाढवावा लागतो. हे वाक्य सगळेच चुकीचे नाही, पण तेवढ्यावरच थांबणारा माणूस पुढे तीन ठिकाणी फसतो. शारीरिक त्रास संपल्यावरही महिनोन्‌महिने तलफ का राहते, हे त्याला सांगता येत नाही. उपचारातील औषधे त्याला ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ वाटू लागतात. आणि काही आठवडे द्रव्यापासून दूर राहिलेल्या माणसाला जुना डोस जीवघेणा का ठरतो, हे त्याच्या वेळेवर लक्षात येत नाही. यांतली तिसरी चूक माणसाचा जीव घेऊ शकते, आणि हा विषय नीट समजून घ्यावा असे मला वाटते ते मुख्यतः तिच्यामुळे. समुपदेशक, परिचारिका, विद्यार्थी किंवा व्यसनी व्यक्तीचे नातेवाईक यांच्यापैकी कोणालाही पुढील क्रमाने हा विषय आपलासा करता येईल.

आधी तीन शब्द वेगळे करावेत

सहनक्षमता म्हणजे त्याच डोसाचा परिणाम हळूहळू कमी होत जाणे. शारीरिक अवलंबित्व म्हणजे द्रव्य थांबवताच विड्रॉवलची, म्हणजे द्रव्य तुटल्याच्या त्रासाची, लक्षणे दिसणे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या त्रासालाच बोलीत ‘टर्की’ म्हणतात. व्यसन म्हणजे नुकसान होत असल्याचे दिसत असूनही द्रव्याच्या मागे जाणे आणि वापरावरचा ताबा सुटणे. कर्करोगाच्या वेदनांसाठी अनेक आठवडे मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णात पहिल्या दोन गोष्टी आढळू शकतात आणि तिसरी मुळीच नसू शकते. म्हणूनच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत सहनक्षमता आणि विड्रॉवल हे निकष धरले जात नाहीत. कोणताही लेख वाचताना त्यात या तिघांपैकी कशाविषयी विधान केले आहे, याची समासात नोंद करावी. तिन्हींची यंत्रणा वेगळी आहे आणि त्यांचे घड्याळही वेगळे आहे.

रिसेप्टरचे रोजचे काम पाहावे

रिसेप्टर, म्हणजे मराठीत ग्राही, हे पेशीच्या पटलात बसलेले प्रथिन असते. ओपिऑइड रिसेप्टर हे पटल सात वेळा आरपार ओलांडतात आणि पेशीच्या आतल्या बाजूने जी-प्रथिनांशी, म्हणजे संदेश आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांशी, जोडलेले असतात. मेंदूत अशी बंधनस्थाने असल्याचे १९७३ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवले. मग साहजिकच प्रश्न आला की, अफूच्या झाडातील रसायनासाठी मेंदूने जागा का राखून ठेवावी? १९७५ साली अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधले, तेव्हा शरीर स्वतःच ओपिऑइड बनवते हे स्पष्ट झाले.

या रिसेप्टरचे म्यू, डेल्टा आणि कॅपा हे तीन मुख्य प्रकार आहेत. सुरुवात म्यूपासून करावी, कारण १९९६ साली म्यू रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाला तेव्हा मॉर्फिनने त्यांची वेदना शमली नाही, त्यांना मॉर्फिनची ओढ लागली नाही आणि शारीरिक अवलंबित्वही निर्माण झाले नाही. औषधाचा गुण आणि धोका दोन्ही एकाच दारातून येतात, हे या प्रयोगातून फार स्वच्छपणे कळते.

म्यू रिसेप्टर सक्रिय झाला की आत तीन गोष्टी घडतात. अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते आणि सायक्लिक एएमपी हा अंतर्गत संदेशवाहक कमी होतो; पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून पोटॅशियम बाहेर जाते आणि चेतापेशी शांत होते; कॅल्शियमच्या वाहिन्या आवरल्या जातात आणि पेशीच्या टोकाकडून रासायनिक संदेश कमी सुटतात. या तिन्हींचा परिणाम एकच, तो म्हणजे पेशी गप्प होणे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे पेशीने केलेली प्रत्येक भरपाई या गप्पपणाविरुद्धच असते.

कुलूप आणि किल्लीची उपमा इथपर्यंत उपयोगी पडते, पुढे ती सोडून द्यावी. किल्ली फिरवल्याने कुलूप बदलत नाही. रिसेप्टर मात्र प्रत्येक वापरानंतर थोडा बदलतो. एन्केफॅलिन ठरावीक जागी, थोड्या प्रमाणात सुटते आणि विकरे त्याचे झटपट तुकडे करतात, त्यामुळे हा बदल भरून येण्यास अवसर मिळतो. बाहेरून घेतलेले ओपिऑइड सगळ्या मेंदूत एकाच वेळी पसरते आणि तासन्‌तास राहते. ज्या यंत्रणेची घडण क्षणिक संदेशासाठी झाली आहे, तिच्यावर अखंड संदेश लादला जातो.

पहिले घड्याळ: मिनिटे आणि तास

रिसेप्टर सक्रिय झाल्यावर काही मिनिटांतच जीआरके नावाची विकरे त्याच्या पेशीच्या आत असलेल्या शेपटीला फॉस्फेटचे गट चिकटवतात. या खुणेवर अ‍ॅरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि रिसेप्टरचा जी-प्रथिनाशी असलेला संबंध सैल होतो. रिसेप्टर जागेवरच असतो, द्रव्यही त्याला चिकटलेले असते, पण आत जाणारा संदेश क्षीण होतो. याला असंवेदन म्हणावे. त्यानंतर पटलाचा तेवढा भाग आत वळतो आणि रिसेप्टर पेशीच्या पोटात ओढला जातो. तेथे फॉस्फेट काढून टाकून त्याला पुन्हा पटलावर पाठवले जाते, किंवा त्याचे विघटन केले जाते.

येथे एक गोष्ट मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. सगळी ओपिऑइड द्रव्ये रिसेप्टरला सारख्याच प्रमाणात आत ओढत नाहीत. प्रयोगशाळेत वापरले जाणारे डॅमगो हे पेप्टाइड रिसेप्टरला झपाट्याने आत नेते. मॉर्फिन मात्र बहुतेक पेशींत हे काम फारच अर्धवट करते, आणि तरीही मॉर्फिनची सहनक्षमता ठळकपणे येते. ‘रिसेप्टर पटलावरून नाहीसे झाले म्हणून सहनक्षमता आली’ हे स्पष्टीकरण मॉर्फिनच्या बाबतीत अपुरे पडते ते यामुळे. आत जाऊन धुऊनपुसून परत येणे हे सहनक्षमतेचे कारण की तिच्यावरचा उपाय, यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद चालला आहे. म्हणून या मुद्द्यावर ठाम निवाडा देणारा लेख सावधपणे वाचावा.

याच संदर्भात २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मनात पक्का करावा. बीटा-अ‍ॅरेस्टिन-२ हे प्रथिन नसलेल्या उंदरांना अनेक दिवस मॉर्फिन देऊनही वेदनाशमनाची सहनक्षमता आली नाही, परंतु विड्रॉवलची लक्षणे मात्र आली. सुरुवातीला आपण जे शब्द वेगळे केले, त्यांतील पहिले दोन प्रत्यक्ष प्राण्यामध्येही वेगळे होतात, याचा हा पुरावा आहे.

संख्या आणि क्षमता यांत गल्लत करू नये

पेशीकडे गरजेपेक्षा जास्त रिसेप्टर असतात. फेंटॅनिलसारख्या प्रभावी द्रव्याला पूर्ण परिणाम घडवण्यासाठी त्यांतील थोडेच पुरतात. उरलेले राखीव राहतात. रिसेप्टर असंवेदनशील होऊ लागले की प्रथम ही राखीव फळी खर्ची पडते. ज्या द्रव्याची क्षमता कमी आहे त्याला मुळातच अधिक रिसेप्टर लागत असल्यामुळे त्याचा परिणाम आधी घटतो आणि प्रभावी द्रव्याचा नंतर. पटलावरील मोजणी तशीच असूनही प्रतिसाद घटू शकतो, हे समजण्याची किल्ली या राखीव साठ्याच्या कल्पनेत आहे.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे मोजायचे तर पेट स्कॅन वापरतात. कार्बन-११ या किरणोत्सारी अणूची खूण लावलेले कारफेंटॅनिल अत्यंत सूक्ष्म प्रमाणात टोचून ते म्यू रिसेप्टरवर किती बसते, हे पाहिले जाते. अशा अभ्यासाचा आकडा वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मोजमापाच्या वेळी शरीरात दुसरे ओपिऑइड होते का? शरीराचे स्वतःचे एन्डॉर्फिन आणि एन्केफॅलिन तेव्हा जागा अडवून बसले होते का? आणि बंधनाची ताकद बदलली की रिसेप्टरची संख्या? पेट स्कॅनमध्ये दिसते ती ‘उपलब्धता’, आणि या तिन्ही गोष्टी तिच्यात मिसळलेल्या असतात. द्रव्य नुकतेच सोडलेल्या व्यक्तींच्या लहान गटांवरील अभ्यासांत म्यू रिसेप्टरची उपलब्धता घटलेली आढळण्याऐवजी मेंदूच्या काही भागांत वाढलेली आढळली आहे. ‘रिसेप्टर जळून गेले’ असे रुग्णाला सांगणाऱ्याने निदान एवढे तरी वाचावे. त्या वाक्यामुळे माणसाची आशा नाहक मोडते, आणि पुरावा त्या वाक्याच्या बाजूने नाही.

उलट दिशेचा बदल अधिक स्पष्ट आहे. प्राण्यांना नॅलट्रेक्सोनसारखे रोधक, म्हणजे रिसेप्टरची जागा अडवून त्याला सक्रिय न करणारे औषध, दीर्घकाळ दिले की म्यू रिसेप्टरची संख्या वाढते.

दुसरे घड्याळ: दिवस आणि आठवडे

आता रिसेप्टरच्या खाली, पेशीच्या आत उतरावे. १९७५ साली शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी संवर्धित पेशींवर केलेला प्रयोग या विषयाचा कणा आहे. मॉर्फिन घालताच अ‍ॅडेनिलिल सायक्लेजचे काम घटले. मॉर्फिन तसेच ठेवले, तर काही काळाने ते काम मॉर्फिन असूनही पूर्ववत झाले, कारण पेशीने आपली विकरक्षमता वाढवली होती. मग मॉर्फिन काढून घेतले आणि हे काम सामान्य पातळीच्या बरेच वर उसळले. काचपात्रातल्या पेशींनाही जणू विड्रॉवल झाले. मॉर्फिन असूनही काम पूर्ववत होण्यात सहनक्षमता दिसते, नंतरच्या उसळीत अवलंबित्व, आणि रिसेप्टरची संख्या कुठेही मध्ये आणावी लागत नाही.

माणसाच्या मेंदूत ही उसळी ज्या जागी विशेष जाणवते ती म्हणजे मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरूलियस. येथील पेशी नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार करतात. ओपिऑइड त्यांना दाबून ठेवते. त्या आतून भरपाई करत राहतात, आणि सीआरईबी नावाच्या प्रथिनामार्फत ही भरपाई केंद्रकातील जनुकांच्या कामकाजापर्यंत पोहोचते. द्रव्य थांबताच दाब निघून जातो, भरपाई तशीच राहते, आणि या पेशी बेफाम वेगाने पेटतात.

हे स्वतःला पटवायचे असेल, तर कागदावर दोन रकाने करावेत. डाव्या बाजूस ओपिऑइडचा परिणाम लिहावा आणि उजव्या बाजूस विड्रॉवलचे लक्षण: बारीक बाहुली आणि विस्फारलेली बाहुली, बद्धकोष्ठ आणि जुलाब, गुंगी आणि निद्रानाश, वेदनाशमन आणि अंगभर दुखणे, निवांतपणा आणि धास्ती. जवळजवळ प्रत्येक ओळ उलटी येते. घाम, अंगावर काटा, जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी ही उरलेली लक्षणेही त्याच उसळीची आहेत. हेरॉइनच्या बाबतीत ही लक्षणे शेवटच्या डोसानंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्र होतात आणि बहुधा आठवडाभरात ओसरतात. मेथाडोनच्या बाबतीत ती उशिरा येतात आणि अधिक काळ रेंगाळतात.

क्लोनिडीन हे रक्तदाबाचे औषध विड्रॉवलमध्ये का चालते, हेही आता सरळ दिसेल. ते ओपिऑइड रिसेप्टरला हात लावत नाही. लोकस सेरूलियसच्या त्याच पेशींवर अल्फा-२ नावाचे वेगळे रिसेप्टर असतात, आणि क्लोनिडीनने ते सक्रिय झाले की आत त्याच पोटॅशियम वाहिन्या उघडतात. दरवाजा वेगळा, पण आतली खोली तीच. याच गटातील लोफेक्सिडीनला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. या औषधांनी घाम आणि धडधड कमी होते. तलफेवर मात्र त्यांचा फारसा ताबा चालत नाही, आणि का ते पुढच्या घड्याळात कळते.

तिसरे घड्याळ: महिने

मेंदूच्या मध्यभागातील व्हेंट्रल टेगमेंटल एरिया येथे डोपामाइन हे सुख आणि ओढ यांच्याशी निगडित रसायन बनवणाऱ्या पेशींवर गाबा हे पेशींना शांत करणारे रसायन सोडणाऱ्या शेजारी पेशींचा लगाम असतो. म्यू रिसेप्टर या लगामाच्या पेशींवर असतात. ओपिऑइड लगामाला गप्प करते आणि डोपामाइनच्या पेशी मोकळ्या सुटून न्यूक्लियस अक्युंबन्स या सुखाच्या जाळ्यातील भागात डोपामाइन वाढवतात. मेंदू या वाढीसोबत त्या वेळची जागा, माणसे, वस्तू, मनःस्थिती यांची सांगड घालून ठेवतो, आणि ही सांगड चेतासंधींच्या बळकटीच्या रूपाने टिकते.

दीर्घ वापरानंतर आणखी दोन बदल दिसतात. हेरॉइनच्या व्यसनी व्यक्तींच्या मेंदूतील स्ट्रायटममध्ये डोपामाइनच्या डी-२ रिसेप्टरची उपलब्धता कमी आढळते, म्हणजे साध्या आनंदांना मिळणारा प्रतिसाद फिका होतो. दुसरीकडे डायनॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे ओपिऑइड आणि कॅपा रिसेप्टर यांची जोडी, जी अस्वस्थता आणि उदासी निर्माण करते, ती प्राण्यांवरील प्रयोगांत अधिक सक्रिय झालेली दिसते. सुरुवातीला माणूस बरे वाटण्यासाठी घेत असतो. नंतर वाईट वाटणे थांबावे म्हणून घेऊ लागतो. हा पालट इच्छाशक्तीच्या उणिवेतून होत नाही, हे घरच्या माणसांनी मनापासून समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. आठवड्याभराच्या डीटॉक्सने, म्हणजे द्रव्य शरीरातून उतरवण्याच्या उपचाराने, दुसरे घड्याळ बरेचसे शांत होते, तिसरे चालूच असते.

सहनक्षमता सगळीकडे सारखी नसते

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. सुखद परिणामाची सहनक्षमता लवकर येते. श्वसन मंदावण्याची सहनक्षमता हळू आणि अपुरी येते. बाहुली बारीक होणे आणि बद्धकोष्ठ यांची तर नावापुरतीच. त्यामुळे डोस वाढवत नेणाऱ्या माणसात नशा देणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांच्यातील अंतर आक्रसत जाते. श्वासाची लय ठरवणारा मस्तिष्कस्तंभातील पेशींचा समूह आणि सुखाचे जाळे, दोन्हींवर म्यू रिसेप्टरच आहेत, पण त्यांची जुळवून घेण्याची गती वेगळी आहे.

शिवाय सहनक्षमतेचा काही भाग शिकलेला असतो. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला गेला. नेहमीच्या जागी दिल्यावर सुमारे ३२ टक्के दगावले, तर अनोळखी जागी तोच डोस दिल्यावर सुमारे ६४ टक्के. ओळखीची जागा शरीराला आधीच सावध करते. नव्या जागी ती सूचना मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. द्रव्य थांबले की असंवेदनशील झालेले रिसेप्टर पुन्हा संवेदनशील होतात आणि राखीव फळी परत भरते. तलफ मात्र तिसऱ्या घड्याळाप्रमाणे चालत राहते. माणसाला जुना डोस आठवतो आणि शरीराला तो पेलत नाही. तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि औषधाविना केवळ डीटॉक्स करून बाहेर पडल्यानंतरच्या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू वाढतात, ते याच कारणाने. व्यक्ती उपचार केंद्रातून घरी येत असेल, तर ही गोष्ट तिला आणि घरच्यांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगावी.

शेवटी औषधे रिसेप्टरच्या भाषेत वाचावीत

मेथाडोन हे पूर्ण क्षमतेचे, पण संथ आणि दीर्घकाळ टिकणारे ओपिऑइड आहे. १९६५ साली व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉंडर यांनी त्याचा देखभालीसाठी उपयोग दाखवला. दिवसातून अनेकदा होणाऱ्या चढउतारांऐवजी रिसेप्टरवर स्थिर भार ठेवला की लोकस सेरूलियस उसळत नाही आणि नशेचे शिखरही येत नाही. ‘व्यसनाच्या जागी व्यसन’ हा आक्षेप या फरकाकडे डोळेझाक करतो. मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन यांचा समावेश २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला.

बुप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला घट्ट चिकटते, सावकाश सुटते आणि त्याला केवळ अंशतः सक्रिय करते. कॅपा रिसेप्टरला ते रोखते. अंशतः सक्रियतेमुळे श्वसनावरील परिणामाला एक मर्यादा पडते, मात्र मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर तेवढ्यावर विसंबू नये. शरीरात अजून हेरॉइन किंवा मेथाडोन असताना ते दिले, तर ते त्यांना हुसकावून जागा बळकावते आणि पूर्ण सक्रियता एकदम अर्ध्यावर येते. त्यातून अचानक तीव्र विड्रॉवल होतो. म्हणून विड्रॉवलची सुरुवात दिसेपर्यंत थांबून मगच डॉक्टर पहिला डोस देतात.

नॅलट्रेक्सोन रिसेप्टर अडवते आणि सक्रिय मुळीच करत नाही. ते सुरू करण्यापूर्वी साधारण ७ ते १० दिवस शरीर ओपिऑइडमुक्त असावे लागते. ते मध्येच सोडल्यास सहनक्षमता उरलेली नसते, याची आठवण रुग्णाला वारंवार करून द्यावी.

नॅलोक्सोन हेही रोधकच, पण झटपट काम करणारे आणि लवकर संपणारे. अतिमात्रेत श्वास मंदावलेला, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या माणसाला ते दिले की ते रिसेप्टरवरून ओपिऑइडला बाजूला सारते आणि काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, आणि अनेक ओपिऑइड त्याहून अधिक वेळ शरीरात असतात. नॅलोक्सोन ओसरले की तेच द्रव्य मोकळ्या झालेल्या रिसेप्टरवर पुन्हा बसते. म्हणून आधी तातडीच्या वैद्यकीय मदतीला बोलवावे, नॅलोक्सोन द्यावे, श्वास चालत नसेल तर कृत्रिम श्वास द्यावा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवावे, आणि माणूस शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी मदत येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये.